अर्जास कारण की

दारव्ह्यात लिहिणारी माणसं किती, असं कोणी विचारलं तर आपण चार-दोन कवी आणि दैनिकांचे वार्ताहर मोजून थांबतो. हा हिशेब साफ चुकीचा आहे. तहसील कार्यालय, पंचायत समिती, बाजार समिती, बँका, पतसंस्था, शाळा आणि पोलीस ठाणं मिळून या गावात एका दिवसात जेवढा मजकूर लिहिला जातो, तेवढा कवींच्या हातून वर्षभरात होत नसेल. शिवाय तो वाचायला पगारी वाचक नेमलेले आहेत, ही चैन कोणत्याच कवीच्या नशिबी नाही. तरी यातल्या कोणालाही विचारून पाहा. "आपल्याले कुठं लिहिता येते भाऊ," हेच उत्तर मिळेल.

माझा अनुभव वेगळा आहे. अशी तक्रार करणाऱ्याला बहुधा बऱ्यापैकी लिहिता येतं. आपण कोणाला लिहितोय आणि त्यानं ते वाचून काय करावं, एवढंच ठरलेलं नसतं. मग पेन कागदावर टेकतं आणि "वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की" असं आपोआप उमटून तिथंच अडतं.

हे ज्याचं पक्कं ठरलेलं असतं असा माणूस पाहायचा तर तालुक्याच्या गावच्या अर्जनविसाकडे जावं. टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, कार्बन पेपर, शाईचं पॅड, कोर्ट फीची तिकिटं आणि अंगठा पुसायला एक फडकं, एवढं त्याचं कार्यालय. सेतू केंद्रं आली, संगणक आले, छापील नमुने आले, तरी तो टिकून आहे. कारण छापील नमुन्यात माणसाची भानगड मावत नाही.

समोर खेड्यातला एक म्हातारा येऊन बसतो. "भाऊ, सातबाऱ्यावर माह्या बापाचं नाव चुकलं."

"गट नंबर?"

"सांगतो ना. आधी आयका त. माहा आजा होता, त्याले दोन बायका..."

अर्जनवीस ऐकून घेतो. आजा, दोन आज्या, त्यांची वाटणी, बांधावरची बाभूळ, बाभळीवरून झालेली भावकीतली हाणामारी, ज्या साली पाणी लय झालं ते साल, सगळं ऐकतो आणि अधूनमधून "बरं" म्हणतो. मग लिहायला घेतो. वर "प्रति, मा. तहसीलदार साहेब, तहसील कार्यालय, दारव्हा." खाली विषय, नावातली चूक दुरुस्त करून मिळणेबाबत. मग मौजा, गट क्रमांक, उताऱ्यावर काय नाव लागलंय, काय असायला पाहिजे, आणि सोबत पुरावा कोणता जोडला. आठ ओळी. तो त्या मोठ्यानं वाचून दाखवतो. म्हाताऱ्याचा चेहरा पडतो.

"येवढंच? म्या येवढं सांगतलं थे?"

"थे वाचाले साहेबाले टाईम कुठं हाय बाबाजी?"

"मंग गरीब हाय, हे त लिवा."

आणि अर्जनवीस वाद न घालता लिहितो, "मी अत्यंत गरीब शेतकरी असून माझा उदरनिर्वाह सदर शेतीवर अवलंबून आहे." म्हातारा समाधानानं सही करतो.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५५ मध्ये अभिलेखातल्या लेखनाच्या चुका दुरुस्त करायची सोय आहे. त्यासाठी अर्जदार गरीब असावा अशी अट तिथं नाही. मालदार माणसाच्या बापाचं नावही त्याच कलमाखाली दुरुस्त होतं. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं ते वाक्य फुकट गेलं. पण अर्जनवीस कायद्यापेक्षा शहाणा आहे. अर्जाला दोन वाचक असतात हे त्याला ठाऊक आहे. एक साहेब, ज्याला काम करायचंय, आणि दुसरा खुद्द अर्जदार, ज्याला आपलं म्हणणं कागदावर उतरलेलं पाहायचंय. साहेबासाठी आठ ओळी, अर्जदारासाठी एक. आपण सुशिक्षित माणसं नेमकं हे प्रमाण उलटं करतो.

मायन्याची आपली हौस जुनी आहे. काळ्या दगडाचं कुठलंही जुनं देऊळ दिसलं की विदर्भात ज्याच्या नावावर खपवलं जातं, तो देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री. त्याच्या नावावर मेस्तकंही सांगतात. थोराला, बरोबरीच्याला आणि धाकट्याला पत्र कसं घालावं, याचे हे धडे. तेराव्या शतकातला हा मंत्री आपल्याला मायने शिकवून गेला आणि आपण ते इतके मन लावून शिकलो की पुढचा मजकूर शिकायचा राहून गेला. शिकायला अमरावतीला राहिलेल्या मुलाचं जुनं आंतरदेशीय पत्र आठवून पाहा. तीर्थरूप बाबा, साष्टांग नमस्कार, वि. वि., इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवणे, आजीची तब्येत कशी आहे, बैलजोडी कशी आहे, चिमीला गोड पापा. मग शेवटी, डिंकाच्या पट्टीजवळ, जिथं उघडताना कागद हमखास फाटतो त्या जागी, बारीक अक्षरात लिहिलेलं, "ता. क. मेसचे पैसे भरायचे आहेत, लवकर पाठवणे."

सगळं पत्र त्या ताजा कलमासाठी होतं. पाठवणाऱ्याला ठाऊक, वाचणाऱ्यालाही ठाऊक. बाबा पत्र खालून वर वाचत. घरात ते चालतं, कारण घरचा वाचक आपल्याला ओळखतो. कार्यालयात खालून वर कोणी वाचत नाही. म्हणून कोणी सल्ला मागितला तर मी एवढंच सांगतो की ता. क. आधी लिही, मग बाकीचं. तो "विषय" या शब्दापुढं लिही. पुष्कळदा मग लक्षात येतं की बाकीचं लिहायला फारसं उरलेलंच नाही.

सरकारसुद्धा आपल्या लांबणीला कंटाळलं असावं. माहितीचा अधिकार २००५ साली आला. दहा रुपयांच्या शुल्कात कोणालाही माहिती मागता येऊ लागली, आणि लोकांनी आजोबांपासून सुरुवात करून पानंच्या पानं लिहिली. शेवटी २०१२ साली महाराष्ट्रानं आपल्या नियमांत भर घातली. एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर सर्वसाधारणपणे दीडशे शब्दांपेक्षा जास्त नको. कार्यकर्त्यांनी या मर्यादेवर टीका केली आणि तिच्यात तथ्य आहे, कारण माहिती मागणाऱ्याच्या हातात मापटं देणं सरकारला शोभत नाही. पण अर्ज लिहायची कसरत म्हणून दीडशे शब्दांचं माप मला आवडतं. उत्तराला मात्र शब्दमर्यादा नाही, आणि तिची गरजही पडत नाही. "सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही" हे सात शब्दांतच आटोपतं.

शुद्धलेखनाचं भांडण आपण उगाच साहित्यिकांवर सोपवलं. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली आले, १९७२ साली आणखी ४ त्यांत पडले. या अठरा नियमांचा धाक शाळेतल्या पोरांना. पण कवितेत एक वेलांटी चुकली तर फार तर समीक्षक हळहळतो. सातबाऱ्यावर चुकली तर माणूस तालुक्याला खेटे घालतो. समजा, एकच गृहस्थ सातबाऱ्यावर विठोबा आहेत, आधार कार्डावर विठ्ठल, पासबुकात विठल आणि शाळेच्या दाखल्यावर विठ्ठलराव. ही चार माणसं एकच आहेत हे सांगायला पाचवा कागद लागतो, त्याला प्रतिज्ञापत्र म्हणतात. किसान सन्मानचे वर्षाचे ६,००० रुपये तीन हप्त्यांत येतात, आणि नाव जुळलं नाही की दोन हजारांचा हप्ता अडकतो. म्हणून अर्जात नाव लिहिताना सौंदर्यदृष्टी बाजूला ठेवावी. मूळ कागदावर जसं आहे तसंच, काना-मात्रेसकट उतरवावं, आणि ते चुकीचं असेल तर "उताऱ्यावर असे आहे, असे पाहिजे" म्हणून दोन्ही लिहावीत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचं नावही लागतं. चुकायला एक जागा वाढली खरी, पण ही जागा फार आधीच व्हायला हवी होती.

आता शाळा. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत पत्र आता ई-मेलच्या धाटणीनं लिहायचं असतं, म्हणजे कागदावर, पेनानं, ई-मेलचा पत्ता घालून. यावर हसून झालं की मान्य करावं लागतं की तिथं निदान विषय वर येतो आणि पत्र मुद्द्याला लागतं. माझं खरं दुःख निबंधाचं आहे.

"शेतकऱ्याचे मनोगत" हा विषय दारव्हा तालुक्यातल्या पोराला दिला, तर पेपर त्याच्या घरातच फुटला असं समजायला हरकत नाही. पण त्याच्या वहीत येते ती डौलाने डोलणारी भातशेती, झुळझुळ वाहणारा ओढा आणि "मी जगाचा पोशिंदा बळीराजा." ही भातशेती गाईडातून आलेली असते. आपल्याकडे पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीन. अशाच एका पोराला मी वही मिटायला लावून विचारलं, "तुझे बाबा रात्री काय करतात?"

"लाईन रातची रायते ना सर. दोनले येते. मंग बाबा बॅटरी घेऊन मोटार चालू कराले जातात. हरभऱ्यात डुक्करं येतात, रोही येतात. मी बी जातो कधी कधी. बाबा मले मचानावर बसवतात न् म्हणतात, डबा वाजव."

"मग हे का नाही लिहिलंस?"

"असं लिवलं त मार्क भेटतात का?"

भेटतात बाप्पा. गठ्ठ्यातले एकामागून एक पोशिंदे तपासून झालेल्या परीक्षकाला रात्री दोन वाजता डबा वाजवणारा पोरगा सापडला, तर तो सरळ बसतो. त्या मुलानं वाचकाचा विचार केलाच नाही असं नाही. केला, पण परीक्षकाला गाईडच आवडतं असं त्यानं धरून ठेवलं. त्याला तसं वाटायला लावणारे आपणच आहोत. तांड्यावरच्या मुलाची तर दुहेरी ओढाताण. घरी गोरमाटी, बाजारात वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी. त्याला गाईडाचा आधार वाटला तर त्याला दोष देता येत नाही. त्याला आधी वऱ्हाडीत, नाहीतर गोरमाटीत सांगू द्यावं, मग ते मराठीत बसवायला मदत करावी. वेलांट्या मागून येतात. डबा वाजवल्याची आठवण मागून येत नाही.

शाळेत शिकलेला एक कागद मात्र जन्मभर पुरतो. सुटीचा अर्ज. पाचवीत "मला काल रात्री अचानक थंडी वाजून ताप आला" असतं, नोकरीत त्याचं "वैयक्तिक व अपरिहार्य कारणास्तव" होतं, बाकी मजकूर तोच. दोन्हीकडे वाचणाऱ्याला कारणात रस नसतो. कारण खोटं असू शकतं हे गुरुजींना ठाऊक असतं आणि साहेबांनी स्वतःही ते कधीतरी वापरलेलं असतं. त्यांना हवं असतं दुसरंच. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, टेबल कोण पाहणार, अडलं तर फोन कुठं लावायचा. किरकोळ रजेच्या अर्जात या तीन गोष्टी घालून पाहा. रजा मिळेलच अशी हमी देत नाही, पण निदान "या, बसा, बोलू" होत नाही.

कार्यालयातल्या मराठीला नावं ठेवणं सोपं आहे आणि मी ती ठेवणारच आहे, पण त्याआधी थोडा न्याय. १९५६ पर्यंत आपलं वऱ्हाड मध्य प्रदेशात होतं. महाराष्ट्र झाल्यावर १९६० सालीच भाषा संचालनालय निघालं, राजभाषा अधिनियम १९६४ चा. पदनामांपासून टिपणीतल्या शेऱ्यांपर्यंत सगळं मराठीत आणायचं होतं, तेही घाईनं. त्या लोकांनी शब्द घडवले म्हणून आज फाइलीवर मराठी चालते. त्यांनी अवघड शब्द दिले ही तक्रार मला फारशी पटत नाही. शब्द वापरून सोपे होतात. "अवलोकनार्थ व आदेशार्थ सादर" हे आता शिपायालाही कळतं.

माझं भांडण क्रियापदाशी आहे. "सदर बाबीची नोंद घेण्यात आली असून उचित कार्यवाही करण्यात येत आहे." कोणी घेतली नोंद? कोण करतंय कार्यवाही? या वाक्यात माणूसच नाही. कर्ता रजेवर गेलाय आणि त्यानं टेबल कोण पाहणार हेही लिहिलेलं नाही. ज्याच्या विहिरीचं बिल अडकलंय त्यानं हे वाचून कोणाच्या दारात उभं राहायचं? कारणे दाखवा नोटिशीचा खुलासा लिहितानाही हीच भाषा कामाला लावतात. "अनवधानाने विलंब झालेला आहे." विलंब आपला आपण झाला. त्यापेक्षा "प्रकरण माझ्याकडे अमुक तारखेला आले, मी अमुक तारखेला पुढे पाठवले, मधल्या काळात निवडणुकीच्या कामावर होतो, आदेशाची प्रत सोबत" असं लिहिणारा माणूस मी पाहिलाय. त्याच्या नोटिशीचा पुढं काही त्रास झाला नाही. तारखांशी भांडता येत नाही.

निवेदन ही आपल्या गावाची खास कला. शकुंतलेचंच घ्या. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर, अरुंद रूळ, इंग्रजांच्या काळातल्या खाजगी कंपनीची मालकी, १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन आणि मध्ये आपलं मोतीबाग स्थानक. गाडी ब्रॉडगेज व्हावी म्हणून इतकी निवेदनं दिली गेली की शेवटी गाडीपेक्षा निवेदनंच जास्त धावली. गाडी तर बंदच पडली. निवेदनाची रीत ठरलेली. एक कागद, त्याला सात जणांचे हात, पलीकडून साहेबांचा हात, सगळे कागदाकडे न पाहता कॅमेऱ्याकडे पाहताहेत. दुसऱ्या दिवशी बातमी. मागणी एका ओळीत, "आदी उपस्थित होते" च्या आधी नावं बारा ओळींत. यात चूक आहे असं कोण म्हणेल? कागद वाचकापर्यंत नीट पोचला. वाचक कोण होता, एवढाच प्रश्न. रेल्वेला लिहायचं असेल तर कोणती गाडी, कुठून कुठं, किती वाजता, रोज किती माणसं आणि किती कापूस, हे लागतं. उपस्थितांची नावं तिथं कोणी विचारत नाही.

निमंत्रणाचंही असंच. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना बोलावणं गेलं आणि मग ते मागे घेतल्याचं कळवलं गेलं. महाराष्ट्रभर जो धुरळा उडाला तो सगळ्यांना आठवत असेल. शेवटी उद्घाटन केलं ते जिल्ह्यातल्याच, शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर उभ्या राहिलेल्या वैशाली येडे यांनी, आणि त्यांचं बोलणं अनेक भाषणांपेक्षा जास्त लक्षात राहिलं. निमंत्रण कसं लिहावं हे कोणतंही गाईड सांगतं. दिलेलं निमंत्रण परत घ्यायचा नमुना कुठंच छापलेला नाही. तो कागद लिहायचाच नसतो.

आता तर लिहिणं खिशात आलंय. व्हॉट्सॲपच्या गटावर सकाळी कोणीतरी टाकतं, "आपले सर्वांचे लाडके, मनमिळाऊ, सदाहसतमुख नाना आज आपल्यातून निघून गेले. ईश्वर त्यांच्या आत्म्यास चिरशांती देवो." खाली हात जोडलेल्यांची रांग लागते, भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली. दीड तासानं कोणीतरी भीत भीत विचारतं, "कोणते नाना?" आणि दुपारी दुसरा कोणी, "किती वाजता नेणार?" तोवर नेलेलं असतं. नानांचा मनमिळाऊ स्वभाव गटाला ठाऊकच होता. लोकांना पूर्ण नाव, घर आणि वेळ हवी होती. दुःखात माणसाला सुचत नाही हे खरं, म्हणूनच हा मजकूर घरच्यांनी लिहू नये. शेजाऱ्यानं लिहावा आणि वेळ सगळ्यात वर टाकावी.

लग्नपत्रिकेबद्दल मी काही बोलणार नाही. तिच्यात मुहूर्त मिनिटासकट छापतात आणि लग्न कधी लागतं हे आपल्याला ठाऊक आहे. तो कागद रुसव्याफुगव्यांसाठी असतो, नावं सगळी आली की त्याचं काम झालं.

एक शेवटची विनंती, आणि ही मी अर्जनविसाकडूनच उचलली आहे. कोणताही अर्ज नेताना दोन प्रती न्या. एक आवक टेबलावर द्या, दुसरीवर शिक्का, सही आणि आवक क्रमांक घ्या. "ठेवा, मी सांगतो साहेबांना" असं कोणी कितीही गोड बोललं तरी पोच घेतल्याशिवाय उठू नका, आणि उठण्यापूर्वी शिक्क्यातली तारीख वाचता येते का ते तिथंच पाहून घ्या. शाई पुष्कळदा कोरडी असते.